भट्टीहून तापलेली माळ

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात सिलतरा येतं. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, इंडक्शन फर्नेस असा हा सगळा पट्टा. इथल्या भट्टीत पोलादाचा रस होतो तो सोळाशे अंश सेल्सिअसच्या आसपास. याच कारखान्यांच्या फाटकांवर १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेला, रोषणाई होते. जुन्या पद्धतीच्या माळेतला बोराएवढा दिवा लागला की त्याच्या पोटातली टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या पुढे गेलेली असते. म्हणजे भट्टीतल्या रसापेक्षाही ती तापलेली, आणि बाहेरची काच मात्र आपण बोटांत धरू शकतो! टंगस्टन वितळायला ३४२२ अंश लागतात म्हणून तार टिकते, आणि काचेच्या आत हवा नसल्यामुळे ती जळून जात नाही.

एलईडी आले आणि या माळा पोटमाळ्यावर गेल्या. पण त्या खाली काढून पुन्हा लावून बघाव्यात, असं मला मनापासून वाटतं. या माळेत लपलेलं काहीच नसतं. तिचं सगळं शास्त्र उघड्या डोळ्यांना दिसतं.

माळेतला दिवा ६.३ व्होल्टचा आणि भिंतीतून येतात २३० व्होल्ट. एकटा जोडला तर दिवा क्षणात जाईल. पण असे ३७ दिवे एकामागोमाग ओवले की २३० व्होल्टची आपोआप वाटणी होते, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६.२ येतात. ट्रान्सफॉर्मर नाही, काही नाही, नुसता भागाकार! आणि एक दिवा गेला की प्रवाहच तुटतो, सगळी माळ विझते. त्या वेळी गेलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल उभा असतो. एरवी सहा व्होल्ट सांभाळणाऱ्या त्या इवल्याशा जागेत पूर्ण २३० व्होल्ट! म्हणून विझलेल्या माळेला प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

मग ३७ मधला गेलेला दिवा शोधायचा कसा? एकेक काढून बघत बसायची गरज नाही. प्लग काढलेला, मल्टिमीटर ओहमवर. त्याचं एक टोक प्लगच्या पिनेला आणि दुसरं माळेच्या बरोबर मध्यावर टेकवायचं. मीटरने रोध दाखवला तर अलीकडचा अर्धा भाग धड आहे, दोष पलीकडे. मग पलीकडच्याचा पुन्हा अर्धा. एकच दिवा गेला असेल तर जास्तीत जास्त सहा वेळा टेकवून तो सापडतो. माळ पाचपट लांब असती तरी काम वाढलं असतं फक्त दोन टेकवण्यांनी. अर्ध्याचं अर्धं करत जाण्यात केवढी ताकद आहे, हे मला या माळेइतकं स्वच्छ कुठेच दिसलेलं नाही.

इथे मीटर एक चकवाही देतो. ६.३ व्होल्ट आणि ०.१५ अँपिअरचा दिवा हिशेबाने ४२ ओहमचा हवा, मीटर दाखवतो चार-पाच. दिवा खराब नसतो. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो. बटण दाबताक्षणी त्या थंड तारेतून प्रवाहाचा लोंढा जातो, आणि विरलेली तार बहुधा तेव्हाच तुटते. म्हणूनच वर्षानुवर्षं बंद असलेली माळ एकदम भिंतीच्या प्लगात खुपसू नये. डिमरस्टॅट असेल तर व्होल्टेज हळूहळू चढवावं. नसेल तर इलेक्ट्रिशियनच्या दुकानात असतो तसा सिरीज बोर्ड घ्यावा, म्हणजे माळेच्या वाटेत एक शंभर वॉटचा साधा बल्ब. माळेत कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटतो आणि माळ वाचते.

मात्र गेलेला दिवा काढून त्याच्या दोन तारा पिळून जोडायची जी सवय आहे, ती सोडायला हवी. असे पाच दिवे वगळले की उरलेल्या ३२ जणांना प्रत्येकी ७.२ व्होल्ट मिळतात. माळ जास्त उजळते, बघायला छान वाटतं. पण अशा दिव्याचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटतं, त्यामुळे वाढ पंधरा-सोळा टक्क्यांचीच असली तरी आयुष्य पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. पुढे आलेल्या बारीक दिव्यांत माळ चालू ठेवायच्या याच गरजेवर एक देखणा तोडगा निघाला. तारेच्या बुडाशी ऑक्साइडचा पातळ थर असलेल्या तारेचे दोन-चार वेढे. टंगस्टनची तार तुटली की सगळं व्होल्टेज तिथे एकवटतं, थर फुटतो, प्रवाहाला वाट मिळते आणि माळ चालू राहते. हिशेब मात्र तोच राहतो, म्हणून गेलेला दिवा लवकर बदलावाच.

वायरबाबत मी भावनेला जागा देत नाही. जुनं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलेलं असेल तर वायर नवीच घालावी. दिवे आणि होल्डर जुने ठेवावेत. दिव्यांवरचा रंग पाण्याने सुटू शकतो, तेव्हा धुवायचं नाही, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची.

आणि आता रोलर, म्हणजे दिव्यांचे गट आळीपाळीने लावणारा फिरता ड्रम. राजनांदगावच्या गणेश विसर्जनाच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, प्रसिद्ध आहेत, त्या पुढे रायपूरच्या मिरवणुकीतही येतात. एलईडीच्या आधी अशा सजावटीत आणि मंडपांवर चक्र फिरायचं, मोर पिसारा फुलवायचा, तेव्हा त्यामागे बहुतेकदा एक लाकडी ड्रम असायचा. ड्रमवर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यांना टेकलेल्या पितळी पट्ट्यांची रांग, आणि ड्रम फिरवणारी मोटर. पट्टीखाली तांबं आलं की त्या गटाचे दिवे लागतात, लाकूड आलं की विझतात. बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी, विशेषतः श्रीधर दास यांनी, ही कला फार उंचीला नेली. पण मूळ युक्ती त्याहून कितीतरी जुनी. डिसेंबर १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या घरी विजेच्या दिव्यांचं पहिलं नाताळचं झाड उभं केलं. लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे होते आणि झाड मोटरवर फिरत होतं. दिव्यांचे गट आळीपाळीने लागत-विझत होते ते झाडाभोवती बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांमुळेच!

जुना रोलर बहुधा एवढ्याशानेच अडतो: ठिणग्यांनी तांब्यावर काजळी बसलेली असते किंवा पितळी पट्टीचा ताण गेलेला असतो. बारीक पॉलिश पेपर आणि थोडं वाकवणं पुरतं. पण तांबंच झिजून गेलं असेल, तर काहीही उचकटण्याआधी ड्रमभोवती कागद गुंडाळावा आणि पेन्सिल आडवी घासून ठसा घ्यावा. कागद उलगडला की सगळा खेळ वाचता येतो. प्रत्येक ओळ म्हणजे दिव्यांचा एक गट, पट्टीची लांबी म्हणजे उजेडाचा वेळ. शेजारच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या थोड्या थोड्या पुढे सरकलेल्या दिसल्या तर तो पळता उजेड, आणि सगळ्या एका रेषेत सुरू झाल्या तर तिथे अख्खा फलक एकदम पेटतो. ६० सेंटीमीटर घेराचा ड्रम मिनिटाला दहा फेरे घेत असेल तर ५ सेंटीमीटरची पट्टी म्हणजे बरोबर अर्धा सेकंद. नव्या पट्ट्या या ठशावरून कापायच्या, आणि पितळी पट्ट्या सोडवताना प्रत्येकीच्या वायरला नंबर घालायचा. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी मोराचा पिसारा भलत्याच क्रमाने उघडतो.