अन्नपूर्णेचे घर

घटस्थापना समीप आली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी स्वयंपाकघर रिकामे होऊन अंगणात येते. सोयाबीन बहुधा अजून शेतात, कापूस बोंडात. हाती पैसा नसतो. अशा वेळी गुळगुळीत फरशांसाठी नि कपाटांसाठी उधारी करणे आम्हांस मान्य नाही.

धर्मशास्त्रकारांनी गृहस्थाच्या पंचसूना सांगितल्या आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. नकळत जीवहिंसा घडते त्या या जागा. आज चुलीऐवजी गॅस व जात्याऐवजी मिक्सर आला. पण मुंग्या-झुरळे त्यांच्याच तळाशी सापडतात. म्हणून प्रथम त्या जागा स्वच्छ कराव्यात, मग भिंती.

कळीचा चुना रात्री भिजत घालावा. तो खदखदून उकळतो, लेकरांना दूर ठेवावे. सकाळी फडक्याने गाळून किंचित नीळ व डिंकाचे पाणी मिसळावे. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. हवेतील कर्बवायू शोषून हा चुना भिंतीवर पुन्हा दगड होतो व बुरशीस सहसा थारा देत नाही. तेलरंगावर मात्र तो धरत नाही. ती भिंत सोड्याच्या पाण्याने धुवावी. खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढावा.

पितळी घागर चिंचेने उजळावी. फडताळास जुन्या लुगड्याच्या काठाची झालर शोभते.