माझंच मला सांगू नका

दूरदर्शनच्या पडद्यावर माणसाशेजारी त्याचीच पुसट सावली उभी राहायची, आठवतं? समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा पोचलेल्या लहरींचा तो प्रताप. डिजिटल संदेशातही एक अक्षर असंच पुढच्यावर सांडतं. ग्राहकयंत्राचा एक भाग, इक्वलायझर, हे सांडलेलं निस्तरतो. दुसरा, डिकोडर, चुका दुरुस्त करतो. मी वर्गात शिकवायचो, की पहिल्याने काम उरकून कागद दुसऱ्याकडे सरकवायचा आणि हात झटकायचे. सरकारी फाईलच म्हणा ना!

१९९३ साली जिनिव्हाच्या परिषदेत क्लोद बेरू आणि सहकाऱ्यांनी ‘टर्बो कोड’ मांडले. दोन साधे डिकोडर १८ फेऱ्या एकमेकांना आपापले अंदाज कळवतात आणि शॅननने १९४८ मध्ये आखलेली मर्यादा एका डेसिबलच्याही आत येते. माझ्या विद्यार्थ्याने तो निबंध आणला. मी न वाचताच म्हणालो, "हिशेब तपास रे, कुठंतरी दोनाचा घोळ असेल." पोरगं गप्प झालं. पुढे त्याने प्रकल्पाचा विषयच बदलला.

घोळ माझाच होता. खरी खुबी एका वजाबाकीत आहे. समोरच्याकडून आलेलं वगळून फक्त आपली नवी माहिती परत द्यायची. नाहीतर अफवेसारखं होतं. आपणच सोडलेली बातमी फिरून कानावर आली, की आपल्याला ती खरी वाटू लागते.

१९९५ मध्ये कातरीन दुइयार आणि मंडळींनी इक्वलायझरलाही या देवाणघेवाणीत ओढलं. तो निबंध मी रात्री जागून वाचला. सकाळी वसतिगृहात गेलो, तर पोरगं खोली सोडून गेलं होतं.