हात वर केला की धावणं बंद! अमेरिकन फुटबॉलमधला 'फेअर कॅच'चा वाद नेमका काय होता?

फेब्रुवारी २०२४. लास व्हेगासमध्ये सुपर बॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी मॅच. कॅन्सस सिटी चीफ्सने सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सला ओव्हरटाइममध्ये २५-२२ असं हरवलं. मॅच जबरदस्त झाली, पण त्यात एक गोष्ट १३ वेळा झाली आणि १३ही वेळा पुढे काहीच घडलं नाही. ती गोष्ट म्हणजे किकऑफ.

आधी किकऑफ म्हणजे काय ते बघू. प्रत्येक हाफच्या सुरुवातीला आणि पॉइंट्स झाल्यावर एक टीम बॉल लांब लाथाडते. समोरची टीम तो पकडून उलट पळत सुटते. याला म्हणतात रिटर्न. क्रिकेटची पिच २२ यार्डांची असते. इथे किक मारणाऱ्या टीमचे १० जण त्याच्या दुप्पट अंतर सुसाट पळत येतात आणि समोरच्यांवर आदळतात.

बघायला भारी वाटतं, पण याची किंमत मोठी आहे. २००७ मध्ये बफेलो बिल्सच्या केव्हिन एव्हरेटच्या मानेच्या मणक्याला किकऑफवरच्या टॅकलमध्ये गंभीर दुखापत झाली. तो पुन्हा चालू लागला, पण करिअर तिथंच संपलं. २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या एरिक लेग्रँडला अशाच टॅकलमध्ये मानेखाली पक्षाघात झाला. तो व्हीलचेअरवर आला.

मग यावर उपाय काय? इथं येतो फेअर कॅच.

बॉल हवेत असताना पकडणारा खेळाडू डोक्यावर हात उंच करून हलवतो. याचा अर्थ, 'मी पळणार नाही, मला हात लावू नका.' मग त्याला कुणी धडक द्यायची नाही आणि त्यानंही पुढे पळायचं नाही. हा नियम जुनाच आहे. पण पूर्वी किकऑफवर तो फायद्याचा नव्हता. बॉल आपल्या १० यार्डांच्या रेषेवर पकडला, तर खेळ तिथूनच सुरू करावा लागायचा.

२०१८ मध्ये कॉलेज फुटबॉलने हे गणित बदललं. आपल्या २५ यार्डांच्या रेषेच्या आत कुठेही फेअर कॅच घेतला, तरी बॉल थेट २५वर मिळणार. म्हणजे धडक न खाता फुकटचे यार्ड. २०२३ मध्ये एनएफएलनेही हाच नियम एका सीझनपुरता आणला. यामुळे मेंदूला मार लागण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटेल, असा लीगचा अंदाज होता.

पण बऱ्याच खेळाडूंचा आणि कोचेसचा याला विरोध होता. त्यात तथ्यही होतं. किकऑफ आणि रिटर्नसाठीच टीममध्ये घेतलेले खेळाडू असतात. रिटर्नच झाला नाही, तर त्यांचं कामच संपतं. झालंही तसंच. त्या सीझनमध्ये जेमतेम २२ टक्के किकऑफवर रिटर्न झाला. बहुतेक किक थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनच्या मागे जात होत्या. अशा वेळी पळायची गरजच नसते, बॉल आपोआप २५वर येतो. याला टचबॅक म्हणतात. सुपर बॉलमधले १३ही किकऑफ असेच टचबॅक झाले.

आता खरा मुद्दा. धोका बॉल पकडण्यात नव्हता, तो होता लांबून वेगात येऊन आदळण्यात. फेअर कॅचने खेळाडूला धोका टाळण्याची सोय दिली, धोका मात्र होता तिथंच राहिला.

२०२४ मध्ये एनएफएलने नेमकं तेच ओळखलं. एक्सएफएल या दुसऱ्या लीगने २०२० मध्ये वापरलेली पद्धत थोडी बदलून घेतली. किकर एकटाच मागे. त्याचे १० साथीदार समोरच्या टीमच्या ४० यार्डांच्या रेषेवर, आणि त्यांना अडवणारे बहुतेक जण अवघ्या ५ यार्डांवर. बॉल जमिनीला किंवा रिटर्न करणाऱ्याला लागेपर्यंत या दोन्ही रांगांनी हलायचं नाही. पळायला अंतरच नाही, तर वेग येणार कुठून?

आणि फेअर कॅच? तो किकऑफमधून थेट बाद. गोल लाइन ते २० यार्डांच्या पट्ट्यात बॉल पडला, की रिटर्न करावाच लागतो. पहिल्याच सीझनमध्ये रिटर्न वाढून सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. २०२५ मध्ये हा किकऑफ कायम झाला. टचबॅक मिळाला तर बॉल आता ३५वर दिला जातो, त्यामुळे मुद्दाम लांब किक मारणं महागात पडतं. कॉलेज फुटबॉलने मात्र त्यानंतरही आपला २०१८चा फेअर कॅच ठेवला.

तेव्हा एनएफएलच्या एखाद्या रीलमध्ये बॉल हवेत आणि दोन्ही टीम पुतळ्यासारख्या उभ्या दिसल्या, तर व्हिडिओ अडकलाय असं समजू नका. कुणाची तरी मान वाचावी म्हणून ते थांबलेत.