बारीक अंगातली साखर

पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली काही मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची रक्तातली साखर तपासण्यात आली. त्यांच्यातली ४८ टक्के मुलेमुली वैद्यकीय मापाने कमी वजनाची होती. शेतकरी घरातली, सडपातळ, लठ्ठपणाचा मागमूस नसलेली. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मर्यादेच्या वर निघाली. बहुतेकांना अजून मधुमेह झाला नव्हता, पण ते उंबरठ्यावर उभे होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेली ही निरीक्षणे वसई-विरारमध्ये घरोघरी पोहोचायला हवीत. ‘शुगर जाड माणसांना होते, आपण तर काटक’ हा समज इथेही पक्का आहे.

२०११ च्या जनगणनेतच या महापालिकेच्या हद्दीत सव्वाबारा लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतली कितीतरी कुटुंबे गेल्या एकदोन पिढ्यांत गावाकडून येऊन इथे स्थिरावली. आजी शेतात राबलेली, आई चाळीत वाढलेली, मुलगा नालासोपाऱ्याहून रोज लोकलने अंधेरीला नोकरीला जाणारा. खाणे बदलले, चालणे कमी झाले, झोप तुटली. पण शरीराची घडण तीन पिढ्यांत इतक्या झटपट बदलत नाही. नेमका इथेच पुण्याचा अभ्यास उपयोगी पडतो.

त्याची सुरुवात १९९३ मध्ये झाली. संशोधकांनी सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद केली, तीही गरोदर राहण्याआधी. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारत. पाळी चुकली की सोनोग्राफी होई. बाळंतपण झाल्यापासून ७२ तासांच्या आत कोणीतरी वजनकाटा आणि त्वचेखालची चरबी मोजण्याचा चिमटा घेऊन बाळापाशी हजर. ही चिकाटी नसती तर पुढचे काहीच हाती लागले नसते.

या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. फरक मोठा, पण तो सगळ्या अंगात सारखा वाटला गेलेला नव्हता. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे पुढे चाळिशीत दिसणाऱ्या आजाराच्या खुणा जन्माच्या दिवशीच मोजता येत होत्या.

हेच मोठ्या माणसांत दाखवणारे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबून राहण्यातला धोका इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा पुरावा सापडणे कठीण.

असे का होते? पोटातल्या बाळाला पोषण अपुरे पडले की त्याचे शरीर मेंदूला आधी जपते. काटकसर होते ती स्नायू, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड यांच्या वाट्यात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वाधिक शोषून घेतात ते स्नायू, आणि तेच कमी. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची ताकदही बेताची. खाणे साधे आणि कष्ट भरपूर असतील तोवर हे भागते. पुढे पोटाभोवती थोडी चरबी साठली की इन्सुलिनचा प्रभाव घटतो, बीटा पेशींना जादा काम पडते आणि त्या लवकर थकतात. म्हणून युरोपीय माणसाला ज्या वजनावर काही होत नाही, त्याहून बऱ्याच कमी वजनावर आपल्याकडे मधुमेह गाठतो.

अपुरे पोषण म्हटले की पोटभर जेवण नसणे एवढेच डोळ्यांपुढे येते. पुण्याच्या नोंदी वेगळे सांगतात. आईने किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो पालेभाजी, फळे आणि दूध यांच्याशी. निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि ज्यांच्यात ब-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. पालेभाजीत ते नसते.

पुण्याचे काम निरीक्षणाचे होते. खाणे बदलून पाहण्याचा प्रयोग झाला मुंबईत, आणि तोही पश्चिम रेल्वेच्याच मार्गावर. डॉ. रमेश पोतदार आणि साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या गटाने २००६ पासून उपनगरांतल्या झोपडवस्त्यांमधल्या साडेसहा हजारांवर स्त्रियांना रोज एक खाऊ दिला. प्रकल्पाचे नाव होते ‘सरस’. निम्म्या स्त्रियांच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारख्या भाज्या. दिसायला दोन्ही आपल्या ओळखीच्या तळलेल्या फराळासारखे. स्त्रियांनी केंद्रावर येऊन, कार्यकर्तीसमोर बसून तो खायचा आणि मगच हजेरी लागायची. खाणे गर्भधारणेच्या आधी सुरू करून बाळंतपणापर्यंत चालू ठेवायचे, असा बेत होता.

सर्व स्त्रियांचा एकत्र विचार केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. ज्यांनी गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने पालेभाजीचा खाऊ घेतला होता, त्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. आणखी लक्षणीय निष्कर्ष गरोदरपणातल्या मधुमेहाचा. साध्या खाऊच्या गटात तो १२.४ टक्के स्त्रियांना झाला, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. हे मोजमाप सगळ्यांचे झालेले नव्हते आणि प्रयोगाचा मुख्य हेतूही तो नव्हता, त्यामुळे यावर शेवटचा शिक्का मारता येणार नाही. तरी औषधाशिवाय, मूठभर खाऊने इतका फरक दिसणे ही मोठी गोष्ट आहे.

वसईच्या वाड्यांतून भाजी आणि केळी पिढ्यानपिढ्या पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जात आली आहेत. ती पिकवणाऱ्या आणि टोपलीत भरून नेणाऱ्या बायकांच्या ताटात त्यातले किती उरते, हा प्रश्न तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राने विचारावा असा आहे.

पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जव्हार-मोखाड्यात, कुपोषणाची जखम जुनी आहे. १९९२ मधले वावर-वांगणीचे बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही. आदिवासी भागातल्या गरोदर स्त्रियांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली आणि ती हवीच होती. पण तिची आखणी झाली ती गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून. तोवर बाळाचे अवयव घडून गेलेले असतात. पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणचा अनुभव सांगतो की सुरुवात लग्नाआधी, किशोरवयात करायला हवी. याज्ञिकांच्या गटाने पुढे तेच केले: त्याच सहा खेड्यांतल्या मुलामुलींना २०१२ पासून ब-१२ च्या गोळ्या दिल्या आणि त्यांना झालेल्या बाळांकडे लक्ष ठेवले. आईला आधीपासून ब-१२ मिळाले होते अशी बाळे दोन वर्षांची असताना मेंदूच्या विकासाच्या चाचण्यांत सरस ठरली. त्यांच्या साखरेचे काय होते, हे कळायला ती मोठी व्हावी लागतील.

आज हाताशी आहे ती एक साधी तपासणी. गरोदर स्त्री नाव नोंदवायला आली की तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचे, उपाशी असो वा जेवलेली. हे पाणी भलतेच गोड लागते, कित्येकींना मळमळते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह. पहिली चाचणी चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करायची असते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीही एकदा तपासायचे असते, कारण अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा. सहाव्या आठवड्याला बाळाच्या लसींसाठी आई केंद्रावर येतेच. त्याच दिवशी, त्याच बाकावर तिलाही ग्लुकोजचा पेला देता येईल.