जुनी यंत्रं, नवा आवाज (लेखांक ७) : आधी कारण, मग करंट

मागच्या लेखात आपण घरचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर उघडला. आज गाडीतला उघडू. १९८०-९०च्या दशकांत अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा रंगल्या आणि त्यांच्यासाठी काही विलक्षण अ‍ॅम्प्लिफायर बनले. ओरायन कंपनीचा ‘२२५ एचसीसीए’ त्यांतला गाजलेला. कागदावर त्याची ताकद चार ओहमला दर चॅनेल फक्त २५ वॅट. स्पर्धेचे गट कागदावरच्या वॅटवर पडत, म्हणून आकडा लहान ठेवलेला.

आता हिशेब करून पाहा. चार ओहमवर २५ वॅट म्हणजे १० व्होल्ट. हेच १० व्होल्ट एका ओहमवर टिकले तर १०० वॅट, अर्ध्या ओहमवर २००. तेव्हा एकेका चॅनेलमधून २० अँपिअर वाहतात. ही यंत्रं करंटच्या जोरावर गाजली आणि बिघडतात तीही करंटनेच. म्हणून दुरुस्ती करताना करंटला लगाम घालायचा, हा पहिला नियम.

आत दोन भाग असतात. पॉवर सप्लायमध्ये टीएल४९४सारखी आयसी मॉसफेटच्या दोन गटांना आळीपाळीने चालू-बंद करते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो आणि अधिक-उणे रेल, म्हणजे पुढच्या भागाला वीज पुरवणाऱ्या दोन रेषा, तयार होतात. त्या रेलवर आउटपुट ट्रान्झिस्टर स्पीकर हलवतात. झाकण काढल्यावर जळलेले दिसतात बहुधा मॉसफेट. पण पुष्कळदा आधी आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो आणि त्याच्या भाराखाली मॉसफेट जातात.

हे मी नुकसान सोसून शिकलो. नवे मॉसफेट बसवले, थेट बॅटरी जोडली आणि क्षणात सगळे गेले. मॉसफेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, जोडलेला एक रेझिस्टर ओपन होता. मी तो मोजलाच नव्हता.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. वायर काढून, कपॅसिटर रिकामे करून मल्टिमीटरने दोन्ही भागांतले ट्रान्झिस्टर, रेक्टिफायर डायोड आणि प्रत्येक गेट रेझिस्टर तपासायचा. समांतर जोडलेल्या मॉसफेटपैकी एक गेला तरी अख्खा गट बदलायचा. गळके कपॅसिटर काढून त्यांच्याखालचा बोर्ड स्वच्छ करायचा.

मग मॉसफेट लावण्याआधीच आयसीला वीज द्यायची. टीएल४९४च्या १४ क्रमांकाच्या पायावर ५ व्होल्ट हवेत आणि गेटच्या जागी ऑसिलोस्कोपवर आळीपाळीचे स्वच्छ चौकोनी पल्स दिसायला हवेत. त्यानंतर मॉसफेट बसवून हीटसिंकला घट्ट आवळायचे; खालची इन्सुलेटर पट्टी फाटकी नको. पहिल्यांदा चालू करताना पॉझिटिव्ह वायरमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सिरीजला लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि नवे पार्ट मात्र शाबूत आहेत.

दोन्ही रेल समान भरल्या, स्पीकरच्या टोकांवर डीसी जवळजवळ शून्य दिसला, की बल्ब काढून योग्य फ्यूज लावायचा आणि डमी लोड जोडायचा: चार ओहमचे जाड वायरवाउंड रेझिस्टर. १००० हर्ट्झची साइन लहर हळूहळू वाढवत न्यायची. लहरीचे माथे सपाट होण्याआधी १० व्होल्ट मिळाले, की या अ‍ॅम्प्लिफायरने कागदावरचा शब्द पाळला. अर्धा तास चालवून हीटसिंकवर हात ठेवा. दोन्ही बाजू सारख्या तापल्या असतील तरच गाडीत बसवा.

पुढच्या आठवड्यात : बायस कसा लावायचा आणि एकच बाजू जास्त का तापते.