साचा, राळ आणि हवा

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या खाली दाबला, तर प्रारंभी तो सहज सरकतो. पण पुढे पुढे त्याचा विरोध वाढत जातो, आणि हात सोडताच तो उसळून वर येतो. आत कोंडलेली हवाच त्याला परत ढकलीत असते. हवेच्या या गुणाचा माणसाने मोठ्या चातुर्याने उपयोग करून घेतला आहे. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली आगगाडीसाठी हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक तयार केला. खडक फोडणारी यंत्रे, बसगाड्यांची आपोआप उघडणारी दारे, कारखान्यांतील कितीतरी अवजारे दाबलेल्या हवेवरच चालतात.

अशी लहान लहान यंत्रे घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत तयार करण्याचा छंद अनेकांना असतो. एक धातूची नळी, तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या, नळीच्या तळाशी झाकण आणि झाकणात सायकलच्या ट्यूबला असतो तसा पितळी व्हॉल्व्ह, एवढ्या साहित्यातून वजन उचलणारे यंत्र तयार होते. व्हॉल्व्हमधून पंपाने हवा भरावी, की दट्ट्या वर चढतो. अडचण येते ती झाकणाची. नळीच्या तोंडाला अचूक बसेल आणि व्हॉल्व्हही पोटात धरील, असे झाकण बाजारात सहसा मिळत नाही. मग ते ओतून घ्यावे लागते.

ओतकामाची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाच्या नमुन्यावरून धातूची मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे. गावोगावचे ओतारी पितळेच्या घंटा ओतीत. रायगड जिल्ह्यातील पेण येथे गणेशमूर्ती साच्यांतून घडतात. साहित्य बदलले, तरी कृतीचे मर्म एकच राहते. आधी नमुना, नमुन्यावरून साचा आणि साच्यातून वस्तू.

आजचा हौशी कारागीर पितळेच्या जागी इपॉक्सी नावाची कृत्रिम राळ वापरतो. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तान हा रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम दातांसाठी योग्य पदार्थ शोधीत होता. त्या शोधातून एकोणिसशे तीसच्या दशकाच्या अखेरीस ही राळ त्याच्या हाती आली. १९४६ साली एका स्विस कंपनीने ती ‘अराल्डाइट’ या नावाने बाजारात आणली. आपल्याकडील दुकानांत जोडीने मिळणाऱ्या चिकट पदार्थाच्या दोन नळ्या याच कुळातील आहेत. एका नळीत राळ असते, तर दुसरीत तिला कठीण करणारा पदार्थ, म्हणजे हार्डनर, असतो.

हे दोन द्रव एकत्र होताच त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते. राळेच्या लांबट रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन व एक ऑक्सिजन अशा तीन अणूंची कडी असते. हार्डनरचा रेणू ही कडी उघडतो आणि तिचा हात आपल्या हातात धरतो. अशा प्रकारे रेणूला रेणू जोडले जाऊन सर्व दिशांना पसरलेले एक दाट जाळे विणले जाते. द्रवाचा घन होतो. मेण तापविल्यास पुन्हा वितळते, पितळही वितळते. परंतु हे जाळे एकदा विणले गेले, की पुन्हा वितळत नाही. ओताऱ्याची फसलेली घंटा मुशीत घालून नव्याने ओतता येते. राळेच्या फसलेल्या झाकणाला मात्र ती संधी नाही. ते टाकूनच द्यावे लागते.

म्हणून पहिल्या पायरीपासूनच सावधपणा हवा. प्रथम लाकडाचा किंवा धातूचा हुबेहूब नमुना करतात. तो एका डबीत ठेवून त्याच्याभोवती पातळ सिलिकोन रबर ओततात. रबर घट्ट झाले, की नमुना बाहेर काढतात आणि मागे त्याच्याच आकाराची पोकळी उरते. हे रबर लवचीक असते, शिवाय राळ त्याला चिकटत नाही. म्हणून तयार वस्तू अलगद सुटते. त्या पोकळीच्या मध्यभागी पितळी व्हॉल्व्ह उभा करतात. राळ पितळेला मात्र घट्ट धरते, म्हणून व्हॉल्व्ह झाकणातच पक्का बसतो.

राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर छापलेले असते. ते वजनाने दिले आहे की मापाने, हे नीट वाचावे लागते. हार्डनर थोडा अधिक घातला तर वस्तू लवकर किंवा अधिक कठीण होईल, असे काहींना वाटते. तो मोठा भ्रम आहे. प्रत्येक कडीला हार्डनरचा ठरावीक वाटा पुरतो. अधिक घातलेल्या हार्डनरला धरायला कडी उरत नाही, कमी पडलेल्यामुळे कड्या बंदच राहतात. दोन्ही प्रकारांनी वस्तू दुबळी होते. ही क्रिया होताना उष्णताही निर्माण होते. पातळ थरातून ती निघून जाते, पण जाड गोळ्यात साठून राहते. भांड्यात उरलेली राळ कधीकधी इतकी तापते, की तिच्यातून धूर निघतो आणि तिला तडे जातात. याकरिता जाड वस्तू एकदम न ओतता थराथराने ओततात. ओली राळ त्वचेला अपाय करते. काहींना तिची कायमची बाधा जडते. तेव्हा हातमोजे घालून, खेळत्या हवेत आणि वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच हे काम करावयाचे असते.

आता खरा शत्रू येतो, तो म्हणजे बुडबुडा. राळ ढवळताना तिच्यात हवा शिरते आणि ती दाट असल्याने बुडबुडे वर येऊन फुटण्यापूर्वीच राळ घट्ट होऊ लागते. कुशल कारागीर त्यांना दोन प्रकारे आवरतो. साच्यात ओतण्यापूर्वी मिश्रण बंद भांड्यात ठेवून त्यावरील हवा उपसली, तर बुडबुडे फुगून वर येतात आणि फुटतात. दुसरा उपाय याच्या उलट आहे. भरलेला साचा जाड पोलादी पात्रात ठेवून आत हवेचा दाब वाढवितात. तापमान तेच राहिले, तर दाब वाढल्याच्या प्रमाणात हवेचे आकारमान घटते, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली प्रसिद्ध केला. दाब चौपट झाला, की बुडबुडा चतुर्थांश होतो. आणि राळ पूर्ण घट्ट होईपर्यंत दाब टिकविला, तर तो तसाच लहान राहतो. पंपाचा दट्ट्या उसळविणारा नियमच येथे बुडबुडा चिरडतो.

एवढ्याशा बुडबुड्याचे एवढे भय का, हे हिशोब केला म्हणजे कळते. नळीचा व्यास ५ सेंटीमीटर असेल, तर झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटीमीटर भरते. प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १ किलोग्रॅम, म्हणजे घरातील प्रेशर कुकरमध्ये शिटीच्या वेळी असतो साधारण तेवढा, दाब दिला, तर दट्ट्यावर सुमारे २० किलोग्रॅमचा जोर येतो. तेवढाच जोर हवा खालच्या झाकणावरही लावते. सायकलच्या पंपाने दाब तिप्पट केला, की झाकणावर ६० किलोग्रॅमचा भार पडतो. म्हणजे एक मोठा माणूसच त्यावर उभा राहतो. झाकण बाहेरून आरशासारखे गुळगुळीत दिसले, तरी पोटातील पोकळीपाशी सारा ताण एकवटतो आणि तेथूनच तडा सुरू होतो. दाबलेली हवा ताणलेल्या धनुष्यासारखी असते. झाकण फुटले, तर तिच्यात साठलेली शक्ती एका क्षणात मोकळी होते आणि तुकडे गोळीसारखे उडतात.

यामुळे जाणता कारागीर झाकणाची पहिली परीक्षा हवेने कधीच घेत नाही. राळ हाताला टणक लागली, तरी तिला पूर्ण बळ येण्यास सामान्यतः काही दिवस जावे लागतात. तेवढे दिवस तो थांबतो. मग नळीत काठोकाठ पाणी भरून, आत हवेचा अंशही न ठेवता, नेहमीच्या दाबापेक्षा बराच अधिक दाब देतो. पाणी जवळजवळ आकुंचन पावत नाही, म्हणून त्यात शक्ती फारशी साठत नाही. झाकण सदोष असेल तर तडा जाऊन पाणी झिरपते, दाब लगेच उतरतो, आणि कोणाला इजा होत नाही. या कसोटीस उतरलेले झाकणही तो थोड्या दाबासाठीच वापरतो आणि उन्हापासून जपतो. कारण उष्णतेने ही राळ मऊ पडते. कुकरला असते तशी जादा दाब सोडून देणारी झडपही तो यंत्राला बसवितो. मोठ्या दाबाच्या कामाला मात्र तो कारखान्यात तपासून निघालेले धातूचे भागच घेतो.

राळ मापताना, ढवळताना आणि थांबताना घेतलेली काळजी तयार झाकणावर कोठेच दिसत नाही. पाहणाऱ्याला दोन झाकणे सारखीच वाटतील. हवा मात्र त्यांतील भेद तत्काळ ओळखते. आणि यंत्रापाशी उभे असलेल्यांची सुखरूपता त्या न दिसणाऱ्या काळजीवरच अवलंबून असते.