कुंडलचे दोन कारखाने

पुणे-मिरज लोहमार्गावरच्या किर्लोस्करवाडी स्थानकाचं मूळ नाव कुंडल रोड. बेळगावात नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली इथे आले, तेव्हा गाठीला होती निवडुंगाने भरलेली ३२ एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज. दोन्ही औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेली. बँकेने ज्याच्याकडे पाहिलंही नसतं अशा माळावर एका छोट्या संस्थानिकाच्या भरवशावर लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं तयार होऊ लागली. पुढे पंप निघाले.

तीसेक वर्षांनी याच कुंडलच्या परिसरात दुसरीच सत्ता उभी राहिली. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, किसन वीर ही त्यातली माणसं. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या (म्हणजे आजच्या सातारा-सांगलीतल्या) कित्येक गावांत इंग्रजांच्या कोर्टाची पायरी कुणी चढेना. सावकारीचे, जमिनीचे तंटे न्यायदान मंडळांपुढे येत. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने लुटली. कारखाना या साऱ्यापासून अलिप्त नव्हता. १० सप्टेंबर १९४२ च्या इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात विष्णू बारपटे यांच्याबरोबर उमाशंकर पंड्या हुतात्मा झाले. पंड्या हे किर्लोस्करांकडचे इंजिनीअर. क्रांती आणि कारखाना यांना परस्परांचे वैरी ठरवणाऱ्यांनी हे एक नाव तरी लक्षात ठेवावं.

तरीही कारखाना जळाला. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण असल्याचं कळताच पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव गेले. सातारा-सांगलीत झळ फार मोठी होती. मालक ब्राह्मण म्हणून किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. याचा दोष प्रतिसरकारच्या माथी मारणं चुकीचं. ते १९४६ मध्येच थांबलं होतं. सावकारीचा आणि कुलकर्णी वतनाचा राग इथे जुना होता, सत्यशोधकांनी तो पूर्वीच बोलून दाखवला होता. पण त्या रागाने ज्यांचा संसार जाळला त्यांतल्या पुष्कळांची सावकारी सोडा, धड शेतीही नव्हती. हे स्पष्ट म्हटल्याशिवाय पुढची गोष्ट सांगू नये, असं मला वाटतं.

संघर्ष थांबलेल्या मुलखात भांडवल परत येतं कसं? आज जगात त्यासाठी विमा मिळतो. युद्ध किंवा दंगलीत बुडणाऱ्या परकीय गुंतवणुकीची हमी घ्यायला जागतिक बँकेच्या छत्राखाली १९८८ साली स्वतंत्र संस्था निघाली. १९४८ च्या कृष्णाकाठाला तशी हमी देणारं कुणी नव्हतं. जळितग्रस्त कुटुंबांपैकी अनेकांनी गाव सोडून पुणे-मुंबई गाठली. त्यातच कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. जुना सावकार गेला, जुना जमीनदार गेला. त्यांच्याबरोबर गावात अडीअडचणीला फिरणारा पैसाही गेला. किर्लोस्करांनी कारखाना पुन्हा उभा केला, वाडी सोडली नाही. मात्र त्यांचे मोठे नवे उद्योग हरिहर, बंगळूर आणि खडकीत वाढले. ती वाट १९४१ आणि १९४६ मध्येच धरलेली होती, म्हणून सगळं खापर आगीवर फोडता येणार नाही.

मग भांडवल आलं कुठून? उसाच्या बिलातून. लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला होता, त्याच वाटेने इथली माणसं गेली. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील पुढे सांगलीच्या शेतकरी सहकारी साखर कारखान्यासाठी गावोगाव शेअर गोळा करत हिंडले. सरकारने भागभांडवल आणि कर्जाला हमी दिली. सभासदाने शेअर घेतला आणि नंतर दर हंगामाला टनामागे ठेव कापून दिली. भूमिगतांवर ज्या गावाने विश्वास टाकला होता, त्याच विश्वासावर ही रक्कम उभी राहिली. मला हा या मुलखाचा सर्वांत मोठा शोध वाटतो: ज्याच्या चिमणीत आपल्या उसाचे पैसे आहेत, त्या कारखान्याला काडी लावायला कुणी धजावत नाही. वाळव्याचा कारखाना प्रतिसरकारच्या लढ्यातले हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने उभा राहिला, कुंडलचा क्रांतिअग्रणी जी. डी. बापूंच्या नावाने ओळखला जातो. भुईंजच्या कारखान्याला किसन वीरांचं नाव आहे.

अर्थात शेअर घ्यायला ऊस हवा, उसाला पाणी हवं. माण, खटाव, जत, आटपाडी बराच काळ या भांडवलाच्या बाहेर राहिले. खानापूर-विटा भागातली पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आणि गलाई व्यवसायाच्या कमाईवर गावाकडे घरं बांधू लागली. भूमिहीनाच्या हाती शेअर कधीच आला नाही. ऊसतोड टोळीला उचल मिळाली, सभासदत्व नाही. वसंतदादांचा सांगलीचा कारखानाही कर्जात रुतून शेवटी भाडेकराराने खासगी कंपनीच्या हाती गेला. सभासदाच्या बिलातून कापलेल्या ठेवींचा हिशेब चोख ठेवला नाही की विश्वास झिजतो, आणि इथे भांडवल म्हणजे तोच विश्वास होता.

कुंडलहून नदीकडे उतरलं की कृष्णेच्या काठाला ओळीने जॅकवेल दिसतात. पाणीपुरवठा संस्थांचे पाइप तिथून वरच्या रानात चढतात आणि त्या पाण्यावरचा ऊस बापूंच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो. हे पाणी चढवायला लागतो पंप, आणि पंपाचा कारखाना जवळच, १९४८ साली जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या वाडीत आहे.